शेकोटीची जागा

पारगावच्या पुलाच्या अलीकडं आमची बस पुन्हा उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली आहे. मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, उसाची टोकं दोन्ही अंगांनी रस्त्यावर आलेली, त्यामुळं पुढं काढायला वावच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं लावलेलं गाणं एवढं मोठं आहे की बसच्या काचा थरथरतात. अजून पुरतं उजाडलेलं नाही. खिडकीच्या फटीतून थंडी येते आणि थंडीबरोबर गुऱ्हाळाचा वास येतो, काहिलीत आटणाऱ्या रसाचा, गोड आणि किंचित करपलेला. दिवाळी मागं पडली की भीमेच्या दोन्ही काठांवर हा वास मुक्कामाला येतो तो उन्हं तापेपर्यंत जात नाही.

माझ्या पुढच्या बाकावर सुजाता बसली आहे. तिनं तळहात काचेवर टेकवलाय. थोडा वेळ तसाच ठेवून ती शेजारच्या मंगलताईंकडं वळते, नाक मुरडते आणि हात झटकते. मंगलताई हसत मागं बघतात आणि मला सांगतात, "म्हणती, कालचं गाणं बरं व्हतं. आजचं नुसतं धाडधाड हाय."

सुजाताला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही. पण हंगामातली सगळी गाणी तिला काचेतून पाठ आहेत, आणि तिच्या आवडीनिवडी माझ्यापेक्षा कडक आहेत.

माणसाच्या आठवणीत वर्षं तारखांनी राहत नाहीत. माझ्या आठवणीत एक थंडी आहे, ती सुजाताच्या नावावर आहे. ती कंपनीत नवीन आली ती थंडी. दर वर्षी पहिला ट्रॅक्टर आडवा आला की ती थंडी परत येते आणि माझ्या छातीत एक जुनी टोचणी हलते. टोचणीच्या मागोमाग कौतुकही येतं. आधी कोण येतं, हे त्या दिवशीच्या माझ्या तब्येतीवर असतं.

मी भांडगावचा. पहाटे हायवेवरून कंपनीची बस निघते, चौफुल्याला वळते, मग केडगाव, पारगाव, न्हावरा करत कारेगावला पोचते. गाड्यांच्या वायरिंगची जुडगी बांधायचं काम आमच्या विभागात, म्हणजे शॉपमध्ये, चालतं आणि मी तिथं सुपरवायझर आहे. बस चालवतात सलीमभाई, मूळचे शिरूरचे. त्यांच्या हॉर्नला भाषा आहे. भांडगावला एक लांब. चौफुल्याला दोन तुटक. केडगावला मात्र लग्नातल्या बँडसारखा वाजवत वाजवतच ते चौकात शिरायचे, कारण केडगावची माणसं रस्त्यावर कधीच नसायची. ती आप्पांच्या चहाच्या टपरीमागं, वाऱ्याच्या आडोशाला शेकोटीभोवती बसलेली असायची. हॉर्न ऐकला की एकेक जण पाठ भाजल्यासारखा उठून पळत यायचा, कुणाच्या हातात अर्धा चहा, कुणाच्या तोंडात बिस्कीट.

त्या थंडीत केडगावला एकच माणूस रस्त्यावर उभं असायचं. विजेच्या खांबाला टेकून, स्कार्फ घट्ट बांधून, दोन्ही हात काखेत घालून सुजाता चौफुल्याच्या दिशेनं टक लावून बघत असायची. बसचा दिवा तिच्या तोंडावर पडायचा तेव्हा तिचे ओठ निळसर दिसायचे. शेकोटी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती, असं मी आत्ता लिहून गेलो आणि थांबलो. हाकेच्या अंतरावर! आमची भाषासुद्धा अशी आहे.

मी तेव्हा बसमध्ये म्हणालो होतो, "पोरगी जरा शिष्ट दिसते. कुणात मिसळत नाही."

"न्हाई वो सर, नवी हाय. लाजत आसंल," मंगलताई म्हणाल्या. त्याही केडगावच्याच.

लाजत वगैरे ती अजिबात नव्हती. पुण्याच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकलेली, नंतर काही वर्षं घरी शिलाई मशीनवर बसलेली, आणि घरातल्यांशी भांडून कारेगावला नोकरीला आलेली मुलगी होती ती. वडील बिगारी काम करायचे. त्यांची समजूत अशी की कंपनीत हिची कुणी चेष्टा करील. झालं उलटंच. तिनं आल्या आल्या आमच्या सगळ्यांची चेष्टा केली. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक नाव लागतं, आणि ते तिनं कुणालाही न विचारता ठेवून टाकलं. सलीमभाईंचं नाव तळहातानं हॉर्न दाबायची खूण. मंगलताईंचं कपाळावरच्या मोठ्या कुंकवाची. मॅनेजर साहेबांसाठी पोटावरून एक गोल हात, आणि तो केवढा गोल! माझं नाव म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरायची. मला ते बरं वाटलं होतं. वाटलं, ऐकून घेणारा माणूस म्हणून कान असेल.

बसमध्ये कुणीतरी विनोद करायचं, सगळी बस हसायची, आणि सुजाता मान वळवून मंगलताईंना विचारायची, काय झालं? तोपर्यंत हसणं ओसरलेलं असायचं. मंगलताईंना तेव्हा खुणा फारशा यायच्या नाहीत. त्या हात हलवायच्या, काही नाही. मीही एकदोनदा हात हलवला. काही नाही. एकदा सुजाता त्यावर चिडली. तिनं सगळ्या बसकडं बोट फिरवलं, पोट धरून हसायची नक्कल केली आणि मग आमचाच हात आमच्यासमोर हलवला. इतकी माणसं इतकं हसली, आणि काही नाही?

माझ्या आईला शेवटच्या वर्षांत ऐकू कमी यायचं. जेवताना मी आणि बायको बोलायचो आणि आई विचारायची, "काय म्हन्ला रं?" मी म्हणायचो, "काही नाही, आई." मला वाटायचं, तिला त्रास नको. खरं तर परत सांगायचा कंटाळा माझा होता. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. ताटाकडं बघत जेवायची. सुजातानं बसमध्ये तो हात हलवून दाखवला तेव्हा मला आईचं ताट दिसलं, आणि खिडकीबाहेरचा ऊस बराच वेळ नुसताच हिरवा पसरलेला दिसत राहिला.

आपला सगळा मुलूख हाकेवर चालतो, हे मला त्या थंडीत कळू लागलं. घंटागाडी गाणं वाजवत येते. भाजीवाली दारावरून ओरडत जाते. दवाखान्यात नंबर आला की नाव पुकारतात. केडगावच्या स्टेशनावर गाडीचा फलाट बदलला की भोंग्यावरून सांगतात. आणि आमच्या शॉपमध्ये आग लागली तर सायरन वाजणार होता.

आग लागली नाही. पण सराव झाला. थंडी ऐन भरात होती. सायरन वाजला आणि आम्ही सगळे ठरल्याप्रमाणं गेटजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिलो. गणती झाली तर एक माणूस कमी. सेफ्टीचे साहेब आत धावले. सुजाता रिकाम्या शॉपमध्ये एकटी, भिंतीकडं तोंड करून निळ्या वायरीवर पिवळी टेप गुंडाळत होती. आमच्या टेबलांची सगळी रांगच भिंतीकडं तोंड करून होती, पूर्वीपासून तशीच होती. शेजारच्या मंगलताई त्या दिवशी रजेवर होत्या. बाकी प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी तिला सांगेल. प्रत्येकात मी आलो. रांग माझी होती.

सेफ्टीचे साहेब वाईट माणूस नव्हते. तरुण होते, घाबरले होते. "सर, माझा तिच्यावर राग नाही," ते मला म्हणाले. "पण उद्या खरंच पेटलं तर? मी तिच्या वडिलांना काय सांगू? संक्रांतीनंतर तिची ट्रेनिंगची मुदत संपतेय. मी रिपोर्टमध्ये काय लिहू, तुम्हीच सांगा."

मी काहीच सांगितलं नाही. म्हणजे, सुजाताला मात्र सांगत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं जाऊन कान पकडले. तिसऱ्या दिवशीही. चहाच्या वेळी दिसली की पकडले, बसमध्ये चढताना दिसली की पकडले. तिची नोकरी जाणार हे तिला कळलं होतं, अशा गोष्टी ऐकू न येताही कळतात. परत जायचं म्हणजे घरातलं ते शिलाई मशीन होतं आणि तेही भिंतीला लावलेलं होतं. ती माझ्याकडं बघायची, मान हलवायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, माफ केलं. मन हलकं व्हायचं. संध्याकाळपर्यंत पुन्हा जड व्हायचं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा कान. माझ्यासारख्या माणसांना अपराधी वाटण्याचीही सवय लागते. त्यात दिवस भरतो आणि काम काहीच होत नाही.

शेकोटीची गोष्ट त्याच आठवड्यातली. एका पहाटे चौफुल्याजवळ उसाची ट्रॉली कलंडली आणि आमची बस खोळंबली. केडगावला पोचलो तेव्हा माणसं टपरीमागून पळत आली, नेहमीसारखी, पण हसत नव्हती. मंगलताई चढल्या आणि बाकावर धपकन बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय सर! आमालाच आमची लाज वाटली. बस काय येईना. ही पोरगी आपली खांबाला चिकटून लटलट कापतीया. आप्पा गेले, दंडाला धरून तिला शेकोटीपाशी आनलं. म्हन्ले, बस की गं बाये, का मरती थंडीत? तर ही बसंना. आप्पा चिडले. म्हन्ले, आमच्यात बसायला कमीपना वाटतो व्हय? आन् मग हिनं सांगितलं."

"कसं सांगितलं?"

मंगलताईंनी चालत्या बसमध्ये उभं राहून सगळं करून दाखवलं. सुजाता शेकोटीपाशी उकिडवी बसली, तेव्हा रस्त्याकडं तिची पाठ झाली. तिनं पाठीकडं बोट केलं. मग हॉर्न दाबायची खूण केली, कानांवर हात ठेवून मान हलवली. मग हातानं बस निघून गेल्याचं दाखवलं आणि बसल्या जागी टाटा केला. आधी सगळी हसली, कारण टाटा तिनं अगदी सलीमभाईंसारखा केला होता. मग कुणीच हसलं नाही.

"तुम्ही सगळे उठून पळता तेव्हा तिला दिसत नाही का?" पुढून सलीमभाईंनी विचारलं.

"आवो, पयल्याच आठवड्यात झालंय तसं! आमी पळालो, ही धूर डोळ्यात गेला म्हनून डोळं चोळत व्हती. तुमी हॉर्न मारला आन् निघाला. त्या दिवशी ही यष्टीनं आली. आमाला वाटलं, शेकोटीपाशी डुलकी लागली आसंल!"

पुढची दोन गावं सलीमभाईंनी हॉर्न वाजवला नाही. मधूनच म्हणाले, "या अल्ला, मी तर हिच्यासाठी जास्तच जोरात वाजवायचो."

दुसऱ्या दिवशी बस केडगावच्या चौकात शिरली आणि मला शेकोटी दिसली. आजवर कधी दिसली नव्हती, नुसता टपरीवरून चढणारा धूर दिसायचा. ती पुढं आली होती, टपरीच्या उजव्या अंगाला. माणसं अर्ध्या गोलात बसली होती, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. वारा अडवायला आप्पांनी मागं जुना पत्रा उभा केला होता. आणि मधोमध, हात पसरून, गालांवर लाल उजेड घेऊन सुजाता बसली होती. बसचा दिवा पत्र्यावर पडला तशी तीच सगळ्यांच्या आधी उठली.

कुणी बैठक घेतली नव्हती, कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. चार विटा आणि एक पत्रा इकडचा तिकडं झाला होता.

त्या दिवशी मी शॉपमध्ये सवयीनं तिच्यासमोर गेलो आणि कान पकडले. तिनं हातातली टेप खाली ठेवली. लॉकरमधून मोबाईल काढून आणला, काहीतरी लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरला.

"सॉरी नको. टेबल फिरव."

मी ते दोनदा वाचलं. आधी मला 'फिरव' खुपलं, खोटं कशाला बोलू. 'फिरवा' नाही, 'फिरव'. खुणांच्या भाषेत तू आणि तुम्ही असा भेद नसतो, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी वाटलं, आई गेल्यानंतर इतक्या सरळ मला कुणी काम सांगितलं नव्हतं.

मंगलताई शेजारून बघत होत्या. "सर, एक इचारू? राग न्हाई ना येनार? तुमचं नाव तिनं काय ठिवलंय, ठावं हाय का तुमाला?"

"कान," मी म्हणालो. "ऐकून घेणारा."

मंगलताईंना हसू आवरेना. "ऐकून घेनारा कुठला! कान धरनारा. आल्यापास्नं बघती ती, तुमी चहा सांडला तरी कान धरता, मशीन बंद पडली तरी कान धरता. आमी बी आता तेच म्हनतो."

सुजाता माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. काय चाललंय ते तिला नेमकं कळलं होतं. तिनं ओठ आत दाबून धरले होते, पण डोळे हसत होते.

मी सेफ्टीच्या साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "सर, टेबलांचा लेआउट मंजूर झालेला असतो. बदलायचा तर वरपर्यंत विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हणालो. "तोवर टेबल फिरलेलं असेल."

असं वाक्य मी नोकरीत कधी बोललो नव्हतो. चहाच्या सुट्टीत मी, दोन फिटर आणि मंगलताई, आम्ही चौघांनी सुजाताचं टेबल उचललं आणि तोंड वाटेकडं केलं. ती स्वतः एका कोपऱ्याला धरून होती आणि आम्हाला मानेनं हुकूम देत होती, इकडं, अजून थोडं, बस. चहा निवायच्या आत झालं. तिच्या पाठीशी आता भिंत होती आणि समोर अख्खं शॉप. येणारा-जाणारा, दार, ट्रॉली, मी. ते बघून मंगलताई म्हणाल्या, "माझं बी फिरवा की! दिवसभर भिंतीचं तोंड बघून कंटाळा आलाय." आठवडाभरात सगळी रांग फिरली.

सेफ्टीचे साहेब दुसऱ्या दिवशी आले, फिरलेल्या टेबलासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फिरता लाल दिवा होता, स्टोअरमध्ये पडून असलेला. "सायरनच्या वायरवरच जोडून देतो," ते म्हणाले. "तिला समोरून दिसेल." त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. पेटलं तर काय, या प्रश्नानं तेही रात्रंदिवस कातावले असणार, आणि उत्तर इतकं जवळ असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

संक्रांत उलटली. तिळगूळ खाऊन हात चिकट झालेले, आणि साहेबांनी कुणाला न सांगता पुन्हा सराव घेतला. सुजाताची नोकरी त्यावर ठरणार होती. मी त्या वेळी कोपऱ्यातल्या दाबयंत्रापाशी वाकून उभा होतो. ते मशीन फार आवाज करतं, म्हणून तिथं कानात बोळे घालायचे असतात. मी मन लावून एक जोड तपासत होतो. खांद्यावर जोरात थाप बसली. वळून बघतो तर सुजाता. मागं शॉप रिकामं झालेलं, दिवा भिंतींवर लाल फिरतोय. ती दारापर्यंत जाऊन परत आली होती. तिनं माझं मनगट पकडलं आणि मला ओढत बाहेर नेलं.

गणती पुरी भरली. शेवटचे दोघे आम्ही.

सगळ्या शॉपसमोर तिनं माझ्या कानाकडं बोट केलं, मग भुवया उंचावून हाताचा पंजा उलटा केला. मंगलताईंनी मोठ्यानं सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलंच, "इचारती, तुला ऐकू येत न्हाई का?"

मॅनेजर साहेब हसले तेव्हा तो गोल हात मलाही दिसला. सेफ्टीच्या साहेबांनी तिथंच तिच्याशी हात मिळवला. सुजाता परमनंट झाली ती त्या हंगामात.

आम्ही म्हणतो, अशा लोकांची सोय केली पाहिजे. मीही म्हणायचो. पण सलीमभाईंचा हॉर्न काय होता? ती आमची सोय होती. सायरन आमची सोय होती. त्यांना आम्ही सोय म्हणत नव्हतो, ते आम्हाला आपोआप उगवल्यासारखं वाटायचं. सुजातानं मागितलं ते एवढंच, की सोय करताना मलाही मोजा. आणि तिनं मागितलं म्हणून माझा जीव वाचला असता, खरंच पेटलं असतं तर.

दिवा बसला म्हणून सगळं जग फिरलं, असं नाही. अजूनही दवाखान्यात तिचं नाव पुकारतात आणि ती समोर बसून राहते. अजूनही बसमध्ये कुणी नवीन माणूस हात हलवून काही नाही म्हणतो. पण आता मंगलताई त्याला सोडत नाहीत. "सांग तिला," म्हणतात. "न्हाई येत तर हातवारे कर, नाच, पन सांग." बसमधले विनोद त्यामुळं जरा कमी झाले आहेत. जे उरलेत ते दोनदा सांगण्याजोगे आहेत.

माझं नाव तिनं बदललं. आता मनगट फिरवायची खूण आहे, टेबल फिरवल्यासारखी. मात्र मी कशासाठी तरी उगीच सॉरी म्हणालो की त्या दिवसापुरतं जुनं नाव परत येतं. गेल्या आठवड्यात दोनदा आलं.

आज सकाळची गोष्ट. कंपनीत नव्यानं लागलेला एक जण केडगावच्या शेकोटीपाशी बसला होता. बस वळताना त्याचं आणि आप्पांचं काय बोलणं चाललं होतं, ते मंगलताईंनी चढल्यावर सांगितलं. तो कुरकुरत होता, की इथं रस्त्याची धूळ येते, गाड्यांचा धूर येतो, आप्पा, शेकोटी मागं आडोशाला का घेत नाही? आप्पांना सगळी गोष्ट सांगता आली असती. त्यांनी चहा गाळता गाळता एवढंच म्हटलं, "इथनं बस दिसती. तू बस."

मला खिडकीतून पुढचं दिसलं. आमचा उजेड पत्र्यावर पडला. सुजाता उठली, डावीकडच्या खांद्यावर थाप मारली, उजवीकडच्या खांद्यावर थाप मारली, नव्या माणसाला जरा जोरातच मारली, आणि सगळी शेकोटी एकदम उभी राहिली. सलीमभाईंनी नुसता ब्रेक दाबला. केडगावला ते हॉर्न वाजवत नाहीत आता.